'सिन्सिअर'मधलं मेण

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: रोमन शिल्पकार पुतळ्याच्या भेगा मेणानं बुजवायचे, बिनमेणाचा पुतळा तो 'सिने सेरा' (लॅटिनमध्ये 'मेणाशिवाय'), म्हणून सिन्सिअर. गोष्ट झकास आहे, वर्गात सांगायचा मोह मलाही झालाय. पण लॅटिनमध्ये 'सिन्सेरस' हे मुळातच एक विशेषण होतं: निर्भेळ, शुद्ध. बहुतेक कोशकार त्यात 'एक' आणि 'वाढणे' अर्थाचे धातू बघतात; म्हणजे एकाच वाढीचं, मिसळ नसलेलं. त्यातला 'एक' अर्थाचा धातू आपल्या 'सम'चा चुलतभाऊच! इंग्रजीत शब्द आला 16व्या शतकात. खात्री करायची तर शाळेच्या लायब्ररीतला जाडजूड इंग्रजी कोश काढा आणि अर्थासोबत दिलेली व्युत्पत्ती वाचा. मेण आढळलंच, तर लोककथा म्हणून.