ॲक्यूट आणि क्रॉनिक: प्रश्न काळाचा आहे, गांभीर्याचा नाही

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला, तेव्हा ती रडत होती. काकांना जुलाब-उलट्या झाल्या म्हणून दोन दिवस सलाईनवर ठेवलं होतं आणि त्या दिवशी दुपारी ते बरे होऊन घरीही आले होते. रडण्याचं कारण होतं डिस्चार्जच्या कागदावरचा एक शब्द. ‘ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिस’. ‘‘ॲक्यूट म्हणजे गंभीर ना गं? मग घरी कसं पाठवलं?’’ काका शेजारी बसून टीव्ही बघत होते, त्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. तिला शांत केलं आणि सहज विचारलं, तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? ‘‘ती बंद केली की. गेल्या महिन्यात नॉर्मल आलं होतं. आणि माझं काय, जुनंच आहे ते.’’

दहा मिनिटांच्या एका फोनमध्ये हा गोंधळ दोन्ही बाजूंनी भेटला. जो आजार येऊन गेला होता त्याची तिला धास्ती, आणि जो आत मुक्कामाला होता त्याची फिकीर नाही. आरोग्याविषयीचा मजकूर मराठीत आणण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ही गल्लत इतक्यांदा समोर आली आहे, की आता ती एकदा नीट लिहूनच काढते.

ॲक्यूट आजार कसा असतो हे कुणाला शिकवायला नको. सर्दी, फ्लू, बिघडलेलं पोट, मोडलेलं हाड, अपेंडिक्स. अचानक येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो आणि त्याचा काय तो निकाल लागतो. क्रॉनिक आजार बहुधा हळूहळू जम बसवतो आणि महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर राहतो. डायबेटिस, दमा, संधिवात, ब्लडप्रेशर. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

घोडं अडतं ते पुढे. हे दोन्ही शब्द काळाबद्दल बोलतात. आजार किती वेगाने आला आणि किती टिकला, एवढंच. तो किती वाईट आहे, जिवावर बेतेल की नाही, याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडे वेगळे शब्द आहेत: माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर. म्हणजे सौम्य, मध्यम, गंभीर. काळाची मोजपट्टी एक, गांभीर्याची दुसरी, आणि एकीवरचा आकडा दुसरीवर वाचता येत नाही.

मराठीत हा घोटाळा वाढायला एक शब्द कारणीभूत आहे, आणि त्याच्यावर माझा जुना राग आहे. तो शब्द ‘तीव्र’. ‘ॲक्यूट’ हा लॅटिन ‘अक्यूटस’वरून आला, त्याचा अर्थ टोकदार. ‘क्रॉनिक’ ग्रीक ‘क्रोनोस’वरून, म्हणजे काळ. टोकदारचं मराठीत ‘तीव्र’ झालं आणि तेच रुळलं. पण मराठी कानाला तीव्र म्हणजे जोराचं. तीव्र वेदना, तीव्र उतार, तीव्र नाराजी. त्यात कुठेही ‘अचानक’ नाही आणि ‘थोड्या मुदतीचं’ तर नाहीच नाही. शिवाय ‘सिव्हियर’लाही आपण तीव्रच म्हणतो. दोन वेगळ्या शब्दांना एकच प्रतिशब्द दिला, तर वाचणाऱ्याने त्यांतला फरक ओळखायचा कसा?

दोन्ही शब्द एकच असते तर ते एका नावात शेजारीशेजारी बसले नसते. २००३ साली अनेक देशांत पसरलेल्या सार्सचं पूर्ण नाव ‘सिव्हियर ॲक्यूट रेस्पिरेटरी सिंड्रोम’ असं आहे. सिव्हियर म्हणजे गंभीर, ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवणारा. याहून डोळ्यांत भरणारं उदाहरण कुपोषणाचं. बातम्यांमध्ये आणि सरकारी कागदांत ‘मध्यम तीव्र कुपोषित बालकं’ असा शब्दप्रयोग असतो. मध्यम आणि तीव्र, दोन्ही एकाच वेळी? मुळात ते ‘मॉडरेट ॲक्यूट’ आहे. अलीकडच्या काळात वजन घटलेलं, पण मध्यम प्रमाणात. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर ते ॲक्यूट कुपोषण. वयाच्या मानाने उंचीच खुंटली असेल तर ते क्रॉनिक, कारण उंची काही आठवड्यांत खुंटत नाही. तराजू आजची परिस्थिती सांगतो, उंचीची पट्टी गेल्या काही वर्षांची. इतका स्वच्छ फरक ‘तीव्र’ या एका शब्दाने पुसून टाकला आहे.

आयुर्वेदाच्या परिभाषेतली जोडी मला कितीतरी अधिक आवडते: आशुकारी आणि चिरकारी. आशु म्हणजे झटपट. जागच्या जागी कविता रचतो तो आशुकवी, हे आपल्याला माहीत आहे. चिर म्हणजे दीर्घ काळ, चिरकाल आणि चिरंजीवमधला. दोन्ही शब्द काळाला धरून आहेत, गांभीर्याची भेसळ नाही. ते जड वाटत असतील तर ‘ॲक्यूट’ तसाच ठेवा, पण ‘तीव्र’ लिहू नका आणि ‘गंभीर’ तर अजिबात नको. क्रॉनिकसाठी ‘जुनाट’ही मला पटत नाही. जुनाट म्हटलं की वाटतं, दात पडलेलं, निरुपद्रवी काहीतरी. ‘दीर्घकालीन’ म्हणा.

दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या तर चार खाने होतात, आणि चारही भरलेले असतात. सर्दी ॲक्यूट आणि सौम्य. मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह ॲक्यूट आणि जीवघेणा, तिथे तासांचा हिशेब असतो. डोक्यातला कोंडा क्रॉनिक आणि सौम्य. डायलिसिसवर नेणारा किडनीचा आजार क्रॉनिक आणि गंभीर. तेव्हा कागदावरचा ‘ॲक्यूट’ हा एकटा शब्द वाचून रडायचंही कारण नाही आणि निश्चिंत व्हायचंही नाही.

या दोन गोष्टी किती स्वतंत्र आहेत हे पाहायचं असेल तर हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार बघा. प्रौढ माणसाला हा संसर्ग झाला तर पुष्कळदा चांगली कावीळ होते, माणूस अंथरुणाला खिळतो. पण प्रौढांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांतच हा आजार पुढे क्रॉनिक होतो. बाकीच्यांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्मताना आईकडून संसर्ग झालेल्या बाळाला मात्र सहसा काहीच होत नाही. कावीळ नाही, ताप नाही. आणि अशा बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत विषाणू कायमचा घर करतो आणि पुढे कित्येक वर्षांनी सिरोसिस (यकृत कडक होत निकामी होणं) किंवा यकृताचा कॅन्सर होण्याचा धोका ठेवतो. कारण यकृताला इजा करतो तो मुख्यतः विषाणूवर तुटून पडणारा आपलाच प्रतिकार. प्रौढात तो जोरात होतो, म्हणून आजारही जोरात दिसतो आणि विषाणूही जातो. बाळाची प्रतिकारयंत्रणा विषाणूला खपवून घेते. सुरुवात जितकी शांत तितका मुक्काम लांबण्याची शक्यता जास्त. म्हणूनच हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर नावं आणखी फसवतात. ॲक्यूट आणि क्रॉनिक ल्युकेमिया ही नावं पडली तेव्हा परिणामकारक उपचार नव्हते. ॲक्यूटचा रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचा, क्रॉनिकचा काही वर्षं काढायचा. आज लहान मुलांमधला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, चांगले उपचार मिळाले तर, दहापैकी नऊ मुलांत आटोक्यात येतो आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी २००१ साली इमॅटिनिब हे औषध आलं आणि तो पुष्कळांसाठी रोज गोळी घेऊन सांभाळायचा आजार झाला.

आता ‘किती दिवस टिकला की क्रॉनिक?’ या प्रश्नाबद्दल. सगळ्यांना एक आकडा हवा असतो, आणि बरेच लेख ‘तीन महिने’ असं ठोकून देतात. असा एक आकडा नाही. प्रत्येक आजाराची सीमारेषा वेगळी आहे, कारण त्या-त्या अवयवाला साध्या आजारातून सावरायला लागणारा वेळ वेगळा आहे. प्रौढांचा खोकला आठ आठवड्यांपुढे गेला की क्रॉनिक, मुलांचा चारच आठवड्यांनी. अंगावरच्या पित्ताच्या गांधी सहा आठवड्यांपुढे. जुलाब चार आठवड्यांपुढे. कंबरदुखी बारा आठवड्यांपुढे. हिपॅटायटिस बी सहा महिन्यांपुढे. क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणायला तर सलग दोन वर्षं, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने कफासह खोकला हवा. किडनीसाठी सीमा तीन महिन्यांची, आणि म्हणूनच क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला घटक) वाढल्याच्या एकाच रिपोर्टवरून आजार ॲक्यूट आहे की क्रॉनिक हे सांगता येत नाही. डॉक्टर जुना रिपोर्ट मागतात तो याचसाठी. जुने रिपोर्ट फेकून देणाऱ्या माणसांवर मला मनापासून चिडायला होतं.

मुदत मोजायची ती आजार सुरू झाल्यापासून, निदान झाल्यापासून नाही. ‘मला मागच्याच महिन्यात डायबेटिस झाला’ हे वाक्य टाइप २ च्या बाबतीत जवळजवळ कधीच खरं नसतं. मागच्या महिन्यात तो कळला. त्याआधी काही वर्षं तो मुकाट्याने असू शकतो. त्यामुळेच टाइप १ मध्ये डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत केली तरी चालते, आणि टाइप २ मध्ये ती निदान होताच करायला सांगतात.

वारंवार होणारा आजारही क्रॉनिक नव्हे. वर्षातून चार वेळा सर्दी झाली तर त्या चार वेगळ्या ॲक्यूट सर्दी आहेत. तसंच क्रॉनिक म्हणजे असाध्य नव्हे, आणि संसर्गजन्य नसलेला असंही नव्हे. टीबी महिनोन्‌महिने चालतो, दुसऱ्याला लागतो आणि सहसा सहा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो. क्रॉनिक हिपॅटायटिस सी आता बहुतेकांत आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो.

दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असणं तर नेहमीचंच. हार्ट अटॅक ॲक्यूट असतो, पण रक्तवाहिनीत चरबी साठण्याचं काम त्याआधी कैक वर्षं चाललेलं असतं. दम्यात हे सर्वांत स्पष्ट दिसतं. श्वासनलिकांची सूज क्रॉनिक, अटॅक ॲक्यूट. म्हणून सूज ताब्यात ठेवणारं औषध रोजचं, आणि श्वास मोकळा करणारं त्या क्षणाचं. दम लागत नाही म्हणून लोक रोजचा पंप सोडतात आणि दुसऱ्यावरच भागवतात. दम लागत नव्हता तो त्या रोजच्या पंपामुळेच.

मावशीचंही तेच झालं होतं. सर्दीची गोळी सर्दी गेली की बंद करतो, तीच सवय तिने बीपीला लावली. बीपी नॉर्मल आलं ते गोळीच्या जोरावर, आणि तिला वाटलं आजार संपला. यात ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, दीर्घकालीन आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे.

त्या रात्री तिला म्हटलं, काकांचा कागद फाईलला लाव आणि झोप. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून बीपी मोज आणि मला कळव. सकाळी फोन आला. १६८/१०२. ‘‘पण मला काहीच होत नाहीये गं,’’ ती म्हणाली, ‘‘डोकंसुद्धा दुखत नाही.’’ दुपारी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो.