काम दोन पडद्यांवर भागतं, खेळाला तीन का लागतात?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कारखान्यांत डिझाइनच्या टेबलावर दोन मॉनिटर दिसणं आता रोजचं आहे: एकावर ड्रॉइंग, दुसऱ्यावर मोजमापांची एक्सेल शीट. हीच जोडी घरी मांडून त्यावर रेसिंगचा गेम पसरवला की मात्र फसगत होते. दोन पडद्यांच्या कडा जिथे भिडतात ती काळी पट्टी नेमकी रस्त्याच्या मधोमध येते. म्हणून गेम पसरवायचा तर पडदे तीनच हवेत. दोनच असतील तर एकावर गेम आणि दुसऱ्यावर गप्पा किंवा नकाशा, ही मांडणी उत्तम.

तीन पडद्यांची खरी गंमत कोनात आहे. आपल्या नजरेचा अगदी तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. कडेच्या नजरेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल ती चटकन टिपते. बाजूने झाडं सरसर मागे गेली की वेग अंगावर येतो, तो या कडेच्या नजरेमुळेच. आता हिशेब बघा. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंमी. डोळे ६० सेंमीवर असतील तर तो नजरेतले जवळपास ४८ अंश व्यापतो. मग बाजूचे पडदेही मधल्याच्या रेषेपासून तितकेच, ४८ अंश, आत वळवायचे. कोनमापक नसेल तर दोरा घ्या. खुर्चीत नेहमीसारखं बसून दोन डोळ्यांच्या मधल्या बिंदूपासून प्रत्येक पडद्याच्या मध्यापर्यंत तो ताणून धरा. तिन्हीकडे लांबी सारखी भरली की कोन जमला. अशी मांडणी सुमारे सव्वा मीटर रुंद होते, म्हणजे चार फुटी टेबल किंचित अपुरं पडतं. पाच फुटी असेल तर बरं.

कोन जमला तरी गेमलाही तो सांगावा लागतो. एनव्हिडिया सराउंड किंवा एएमडी आयफिनिटी या ग्राफिक्स कार्डांच्या सोयी तीन पडद्यांचा एकच लांबलचक पडदा करतात, पण गेम त्यावर एकाच सपाट कॅमेऱ्याचं चित्र काढतो आणि कडेच्या गाड्या रबरासारख्या ताणल्या जातात. असेटो कोर्सासारख्या रेसिंग गेममध्ये तीन पडद्यांची वेगळी सोय आहे. तिथे कोन, अंतर आणि कडेची जाडी भरली की प्रत्येक पडद्याचं चित्र स्वतंत्र काढलं जातं.

याची किंमत ग्राफिक्स कार्ड मोजतं. एका फुल एचडी पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल, तिघांवर मिळून ६२.२ लाख. एका पडद्यावर सेकंदाला जेमतेम ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, देणाऱ्या कार्डाकडून तीन पडद्यांची अपेक्षा करू नये.

जोडणीत सर्वांत जास्त पैसे स्प्लिटरवर वाया जातात. एचडीएमआय स्प्लिटर तेच चित्र दोन्हीकडे दाखवतो, पडदा वाढवत नाही. एम.जी. रोडवर खरेदीला निघण्याआधी कार्डाच्या मागची भोकं मोजा आणि प्रत्येक पडद्याची केबल तिथेच लावा. कार्डाऐवजी मदरबोर्डच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पट्टीच्या, एचडीएमआयमध्ये लावली तर गेम अडखळतो किंवा तो पडदा काळाच राहतो. लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र देतंच असं नाही, तेही आधी तपासा.

नंतर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. डिस्प्ले सेटिंगमधले चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे सरकवा. ते वरखाली राहिले तर माउसचा बाण कडेला अडतो. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे खूप आहेत, कारण विंडोज बरेचदा स्वतःहून ६० निवडतं. 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये आकडा बदला. दुसऱ्या पडद्यावर क्लिक करताच गेम खाली जात असेल तर फुलस्क्रीनऐवजी 'बॉर्डरलेस' ठेवा. उघडी खिडकी पलीकडच्या पडद्यावर टाकायला विंडोज, शिफ्ट आणि बाण पुरे.

स्टँडऐवजी आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा दांडा, लावणार असाल तर मॉनिटरच्या मागे चार भोकं ७५ किंवा १०० मिमी अंतरावर आहेत का ते पाहा. टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर क्लॅम्पखाली पत्र्याची किंवा प्लायची पट्टी द्या, नाहीतर तीन मॉनिटरच्या भाराने कडेचा भुसा सुटतो. यूपीएसवर सीपीयू आणि मधलाच मॉनिटर ठेवा. वीज गेल्यावर काम सेव्ह करायला तेवढा पुरतो, आणि बाजूचे दोन वगळल्याने बॅटरी थोडी जास्त वेळ टिकते.