नर गरोदर राहतो म्हणून भूमिका उलटत नाहीत: समुद्रघोडा आणि गल्फ पाइपफिश

‘पाइपफिश म्हणजे सरळ केलेला समुद्रघोडा’ एवढ्यावर विषय मिटवणारं लिखाण वाचून आता वैताग येतो. दिसण्यापुरतं ते चालेल. नातं खरंच जवळचं आहे: कूळ एकच, दोघांच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी, तोंडाची नळी, पोटात जठर नाही. समुद्रघोडा तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा त्याची वाकलेली मान आणि गवताला विळखा घालणारी शेपूट मी सोडून देतो. पाइपफिशची मान सरळ असते, बहुतेक जातींत शेपटीला चिमुकला पर असतो आणि तो आडवा पोहतो. झालं.

खरा घोटाळा पिल्लांच्या बाबतीत होतो. दोघांतही गरोदर राहतो तो नर (मादी त्याच्या अंगावर, बहुधा पिशवीत, अंडी घालते आणि तो ती वाढवतो), हे हल्ली सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथून एका उडीत लोक ‘या कुळात नर-मादीच्या भूमिका उलट्या असतात’ असं सांगून मोकळे होतात. अहो, गर्भ कोण वाहतो आणि जोडीदार मिळवायला कोण झगडतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समुद्रघोड्यात पहिल्याचं उत्तर नर, आणि दुसऱ्याचंही नरच. समुद्रघोड्यांच्या अभ्यासक अमांडा व्हिन्सेंट यांनी १९९४ मध्येच हे दाखवलं होतं: मादीसाठी चढाओढ जास्त करतात ते नर, गरोदरपण त्यांच्याकडे असूनसुद्धा.

आता मेक्सिकोच्या आखातातला गल्फ पाइपफिश घ्या. वीतभरही नसलेला, नदीमुखांतल्या मचूळ पाण्यात गवताच्या पात्यांमध्ये पातं होऊन राहणारा मासा. त्याच आखातात, समुद्रगवतात, दोन-अडीच सेंटिमीटरचा बुटका समुद्रघोडाही असतो. शेजारी म्हणावेत असे हे दोघे, पण संसाराची तऱ्हा वेगळी. बुटक्या समुद्रघोड्याची जोडी एकमेकांना धरून राहते. पाइपफिशची मादी मात्र एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडे जाते, आणि नर एका खेपेला बहुधा एकाच मादीची अंडी घेतो. म्हणजे तुटवडा नरांच्या पिशव्यांचा. साहजिकच झगडतात त्या माद्या, आणि नटतातही त्याच: अंगावर चंदेरी पट्टे मादीच्या, नर साधासुधा. भूमिका उलटल्या म्हणायच्या तर त्या इथे. बुटक्या समुद्रघोड्यात जोडीदार भरपूर असले तर तेवढ्याच काळात नर मादीपेक्षा जास्त पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे मादीची वाट पाहत राहण्याची पाळी त्याच्यावरच येते.

आणि गरोदर नर म्हणजे मुकाट्याने ओझं वाहणारा गरीब बाप, ही कल्पनाही सोडून द्या. किंबर्ली पॅक्झोल्ट आणि अॅडम जोन्स या संशोधकांनी २०१० मध्ये गल्फ पाइपफिशवर काम केलं. मोठ्या मादीची अंडी असली तर पिशवीत जास्त पिल्लं जगली. एका खेपेत भरपूर पिल्लं वाढवली, तर त्याच नराची पुढच्या खेपेतली कमी जगली. म्हणजे कोणाच्या पिल्लांवर किती खर्च करायचा, याचा हिशेब गरोदरपणातही चालूच असतो. हे वाचल्यावर ‘आदर्श पिता’ छापाचे मथळे मला सोसवत नाहीत.

पाण्याचा फरक थोडक्यात: गल्फ पाइपफिश नदीतून वर सरकून थेट गोड्या पाण्यातही राहतो. समुद्रघोड्याला ते जमत नाही.

फोटोंखालच्या ओळींत हमखास दिसणारी आणखी एक चूक म्हणजे खोल पोटाची पाइपफिश दिसली की ‘गरोदर नर’ लिहून टाकणं. गल्फ पाइपफिशमध्ये धडाचा खालचा भाग इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असतो तो मादीचा. नराची पिशवी धडाखाली नसतेच, ती गुदद्वाराच्या मागे, शेपटीच्या खालच्या अंगाला असते. कातडीच्या दोन पाळ्या मधोमध येऊन मिटतात, त्यांचा सांधा उभ्या रेघेसारखा दिसतो. पिल्लं तयार झाली की तो सांधा उकलतो आणि बापाच्याच घडणीची, काडीएवढी सरळ पिल्लं बाहेर पडून आपापल्या वाटेने पोहू लागतात. समुद्रघोड्याच्या पिशवीला अशी रेघ नसते, वरच्या टोकाला एक लहानसं तोंड असतं. तेव्हा पुढच्या वेळी पोट नका पाहू, शेपटीखाली रेघ आहे का ते पाहा.