पार्श्वभूमी : रुग्ण की आश्रमवासी?

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पहिल्या मजल्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खाजगी रुग्णालय. बाळंतपणं, हर्निया, तापाला सलाईन. अमेरिकेतली भाची फोनवर हाच शब्द वापरते तेव्हा तिच्या मनात वेगळीच जागा असते : अंथरुणाला खिळलेली, विसराळूपणाच्या पलीकडे गेलेली, नाकातल्या नळीवर असलेली म्हातारी माणसं जिथे वर्षानुवर्षं राहतात ती. तशा जागा आता पुणे, नाशिक, ठाण्यातही भरपूर आहेत. पाटीवर कुठे ‘केअर सेंटर’, कुठे ‘शुश्रूषा केंद्र’, कुठे नुसतं ‘वृद्धाश्रम’. तिथे राहणाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न नावांच्या या घोळातच अडकून पडला आहे.

जुना इतिहास थोडक्यात. पुण्यात एका बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून 1860 च्या दशकातच अनाथ-पंगू गृह उभं राहिलं होतं. राज्य झाल्यावर 1963 पासून वृद्धाश्रमांना सरकारी अनुदान मिळू लागलं. 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली : आश्रमात शंभर जागा, निम्म्या विनामूल्य, निम्म्या महिना 500 रुपये भरणाऱ्यांसाठी. या सगळ्यांत कल्पना एकच होती. म्हातारा माणूस निराधार आहे, पण स्वतःचं स्वतः करतो. त्याला छप्पर, दोन वेळचं जेवण आणि भजनाला सोबत हवी. ज्याची कूस दुसऱ्याने बदलावी लागते, तो माणूस या कल्पनेत नव्हता.

तो सापडतो, किंवा सापडता सापडता निसटतो, तो दुसऱ्याच एका कायद्यात. मुंबई राज्याचा 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजही, नाव बदलून, महाराष्ट्रात चालू आहे. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना (क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट) कायदा आपण स्वीकारलेला नाही, त्यामुळे भिस्त याच्यावरच. त्यातली व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. आजार, दुखापत किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेण्यासाठी आणि त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, असा तिचा आशय आहे. ‘दुर्बलता’ हा शब्द तिथे सत्तर वर्षांहून अधिक काळ बसलेला आहे. पक्षाघाताने एक अंग लुळं पडलेली ब्याऐंशी वर्षांची बाई दुर्बल नाही तर काय? पण सगळी मेख पुढच्या ‘आणि’मध्ये आहे. उपचार आणि शुश्रूषा. चालक म्हणतात, आम्ही उपचार करत नाही, डॉक्टर बाहेरून येतात, आम्ही फक्त सांभाळतो. म्हणजे आम्हाला नोंदणी नको. मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलणं हा उपचार की सांभाळणं? शय्याव्रण, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा, रोज धुऊन पट्टी करणं? रात्री इन्सुलिन टोचणं? माझ्या मते ही तिन्ही कामं सरळसरळ उपचारात मोडतात आणि ती जिथे होतात ती जागा 1949 च्या कायद्याखाली यायलाच हवी. उलट बाजूही खोटी नाही. नोंदणीबरोबर पात्र परिचारिका आणि रुग्णालयासारख्या सोयी यांच्या अटी येतात, खर्च वाढतो, आणि परवडणारी लहान केंद्रं बंद पडली तर ती माणसं जाणार कुठे, असं चालक विचारतात. या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही, म्हणून ‘आणि’ही तसाच राहिला आहे.

माझ्या आत्याला अशाच एका केंद्रात ठेवलं, तेव्हा डिपॉझिटच्या पावतीवर तिचं नाव ‘रुग्ण’ या रकान्यात होतं आणि नियमावलीत तीच ‘आश्रमवासी’ होती. दुसऱ्या भेटीत तिचा उजवा हात कॉटच्या दांडीला गॉजच्या पट्टीने बांधलेला दिसला. नळी ओढते म्हणून, तिथल्या सेविका मावशी म्हणाल्या. त्या मजल्यावर रात्री त्या एकट्याच असायच्या.

नेमकं हेच अमेरिकेने 1987 च्या कायद्यात लिहून ठेवलं : वैद्यकीय गरज नसताना, केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशाला बांधायचं नाही, गुंगीचं औषध द्यायचं नाही. रहिवाशांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र माणूस तिथे प्रत्येक राज्यात त्याच्याही आधीपासून आहे.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आला, महाराष्ट्रात तो 2009 पासून लागू झाला. लोकांना त्यातला निर्वाहभत्ता माहीत आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो तो मुलांविरुद्ध आणि नातेवाइकांविरुद्ध. केंद्रचालकाविरुद्ध त्या दारात जाता येत नाही. कलम 19 प्रमाणे जिल्ह्यामागे किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय अपेक्षित आहे, पण शब्द ‘करू शकेल’ असा आहे. 2018 मध्ये एका माजी केंद्रीय कायदामंत्र्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितली. पुढच्याच वर्षी लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची नोंदणी, किमान दर्जा, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांवरही देखरेख, हे सगळं त्यात होतं. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झालं. मला यात सर्वांत मोठं नुकसान दिसतं.

मधल्या काळात तुकड्यातुकड्यांनी गोष्टी घडल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि दिशा-काळाचं भान यांतले गंभीर बिघाडही धरले, आणि तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल व मनोविकारतज्ज्ञांची परवानगी असेल तरच रुग्णाला बांधता येईल, असं ठरवलं. म्हणजे त्या कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हे संरक्षण आहे; साध्या केअर सेंटरमधल्या पक्षाघाताच्या माणसाला ते नाही. 2018 मध्ये करखात्यानेही वृद्धाश्रम ओळखला : नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने साठीपुढच्या रहिवाशाकडून महिना 25,000 रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्काला जीएसटी माफ झाला. 2021 च्या जानेवारीत राज्याने शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. ती लागते नोंदलेल्या नर्सिंग होमच्या भिंतीवर.

करोनात भेटी बंद झाल्या. ओळखपत्र नसलेल्या वृद्धाश्रमवासीयांच्या लसीसाठी 2021 मध्ये वेगळी कार्यपद्धती काढावी लागली, तर अंथरुणावरच्यांना घरी लस मिळावी म्हणून मुंबईत प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

2024 मध्ये राज्याच्या स्थावर संपदा नियामकाने, म्हणजे महारेराने, निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना आदर्श नियमावली दिली. दारं रुंद, फरशी न घसरणारी, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांड्या. नियमावली विकल्या जाणाऱ्या घरांपुरती आहे. रात्रपाळीला एका मावशीकडे किती खाटा असाव्यात, हे तिच्यात नाही आणि 2007 च्या कायद्यातही नाही.