फसलेल्या चोरांच्या गोष्टी आणि पुराव्याची वाटचाल

पुण्याच्या वर्तमानपत्रांत घरफोड्या आणि सोनसाखळी चोरीच्या रोजच्या मजकुराखाली अधूनमधून एखादी अशी बातमी सापडते, की ती घरात मोठ्याने वाचून दाखवली जाते. चोराने स्वतःच स्वतःला पकडून दिलेले असते आणि पोलिसांना फारसे काही करावे लागलेले नसते. अशा फजितीला हसणे फार जुने आहे, मात्र कोणत्या चुकीला हसायचे हे काळानुसार बदलत आले आहे. या गोष्टींचा माग काढत गेले, की चोराचा मूर्खपणा त्याच्या अकलेपेक्षा त्या काळी पुरावा म्हणून काय ग्राह्य होते, यावरच अधिक ठरत आल्याचे दिसते.

जुन्या कथांतला चोर बहुधा तोंडाने किंवा आवाजाने फसतो, कारण प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्याखेरीज दुसरा पुरावा तेव्हा क्वचितच मिळे. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात एका गरीब ब्राह्मणाची दोन वासरे न्यायला निघालेला चोर आणि त्या ब्राह्मणालाच खायला निघालेला राक्षस वाटेत एकत्र येतात, आणि घरात शिरल्यावर ‘आधी मी’ यावरून इतके हमरीतुमरीवर येतात, की ब्राह्मण जागा होऊन दोघांचाही बेत फसतो. चीनमध्ये इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात संकलित झालेल्या एका ग्रंथातला चोर याच जातीचा आहे. पळवायची घंटा उचलवेना, म्हणून तो ती फोडायला जातो, ती घणघणते, आणि कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो स्वतःचेच कान झाकून घेतो.

या सगळ्यांत शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातल्या शर्विलकाची फजिती सर्वांत रसाळ आहे. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे मराठी प्रेक्षकालाही तो परका नाही. चौर्यशास्त्राचा हा अभ्यासू नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराच्या भिंतीला भगदाड पाडताना त्याचा आकार कमळाचा ठेवावा, चंद्रकोरीचा ठेवावा की पूर्णकुंभाचा, याची चर्चा करतो, मापाची दोरी घरी विसरल्याचे लक्षात आल्यावर गळ्यातल्या जानव्याने माप घेतो, आणि सकाळी नगरजनांनी आपल्या कारागिरीची वाखाणणी करावी अशी अपेक्षाही बाळगतो. चारुदत्त खरोखरच त्या भगदाडाचे कौतुक करतो. खरी गंमत मात्र पुढे आहे. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या हातून, तो झोपेत बरळत असताना, मिळालेले दागिने घेऊन शर्विलक आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवायला जातो तो थेट तिच्या मालकिणीच्या, म्हणजे वसंतसेनेच्या घरी, आणि ते दागिने तिनेच चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले असतात. चोरीचा माल मालकिणीलाच किंमत म्हणून देऊ करणारा असा चोर आजच्या बातमीतही शोभून दिसला असता.

ही झाली कल्पित पात्रे. खऱ्या चोरांच्या फजितीचे किस्से वाचकांपर्यंत नियमितपणे पोहोचू लागले ते वर्तमानपत्रांमुळे. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये निघाला आणि ‘केसरी’ १८८१ मध्ये. पुढे १ जानेवारी १९३२ रोजी नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केला आणि शहरातल्या लहानसहान घडामोडींना पानावर हक्काची जागा दिली. अशा बातमीचे मूळ चौकीत आणि न्यायालयात असते, म्हणून तिच्यात पकडला गेलेला चोरच भेटतो. जो निसटला, तो शहाणा होता की केवळ नशिबाचा, हे कोणत्याही वृत्तान्तातून कळत नाही.

चोराच्या चुकीची व्याख्या सर्वांत मोठ्या प्रमाणावर बदलली ती बोटांच्या ठशांनी, आणि त्या बदलाची सुरुवात हिंदुस्थानात झाली. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय उभे राहिले आणि बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली, जिला नाव मात्र हेन्रीचेच मिळाले. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात ठशांविषयीच्या तज्ज्ञमताला जागा देण्यात आली. हेन्री १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयात गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या डेन्मार्क हिल भागात एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरीला गेले. चोराने खिडकीच्या नुकत्याच रंगवलेल्या चौकटीवर अंगठा टेकवला होता. त्या ठशावरून सप्टेंबर १९०२ मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ब्रिटनमध्ये ठशाच्या आधारे झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. ओल्या रंगाला हात लावणारा चोर आज आपल्याला वेंधळा वाटतो, परंतु दोनच वर्षे आधी त्याच अंगठ्याने त्याचे काहीही बिघडले नसते, त्यामुळे त्याला मूर्ख म्हणणे मला थोडे अन्यायाचे वाटते.

त्यानंतरच्या साठ वर्षांत मात्र ही सबब उरली नाही. ८ ऑगस्ट १९६३ रोजी इंग्लंडमध्ये टपालगाडी लुटून सुमारे २६ लाख पौंड नेणाऱ्या टोळीचा बेत लष्करी शिस्तीचा होता. तरीही लपण्यासाठी घेतलेल्या शेतघरात ही मंडळी मोनोपॉली खेळत बसली आणि त्यांच्या बोटांचे ठसे खेळाच्या पटावर व सॉसच्या बाटलीवर राहिले. ते घर साफ करण्याचे काम ज्याच्यावर सोपवले होते, त्याने ते केलेच नाही. अर्थात या लुटीत गाडीच्या चालकाला जबर मारहाण झाली होती, त्यामुळे या किश्श्याला हसताना मर्यादा सांभाळावी लागते.

वेंधळेपणा चोराच्याच वाट्याचा असतो असेही नाही. ऑगस्ट १९११ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ‘मोना लिसा’ नेणाऱ्या व्हिन्चेन्झो पेरुजाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा चित्राच्या काचेवर राहिला होता आणि जुन्या गुन्ह्यांमुळे त्याचे ठसे पोलिसांच्या दप्तरातही होते. पण शोध घेण्याची सोय उजव्या अंगठ्यानुसार होती. पोलिसांनी कवी अपोलिनेरला अटक केली, पिकासोची चौकशी केली, आणि चित्र दोन वर्षे पेरुजाच्या खोलीत राहिले. डिसेंबर १९१३ मध्ये फ्लोरेन्समधल्या एका व्यापाऱ्याला ते देऊ करून त्याने पोलिसांचे काम स्वतःच सोपे केले.

ठशांनंतर कॅमेरा आला. १९९५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एका इसमाने चेहरा न झाकता भरदिवसा दोन बँका लुटल्या. लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे दिसत नाहीत, तेव्हा तो रस चोळलेला चेहराही कॅमेऱ्यात दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि चित्रण दाखवल्यावर ‘मी तर रस लावला होता’ असे तो पुटपुटल्याची नोंद आहे. डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९च्या आपल्या शोधनिबंधाची सुरुवात याच प्रसंगाने केली. ज्याला एखादे काम जमत नाही, त्याला आपल्याला ते जमत नाही हेही उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांना २००० मध्ये विनोदी संशोधनाचे इग नोबेल मिळाले. पुराव्याच्या साधनांशी ज्याचा संबंध नाही, असा निखळ मूर्खपणा मला या एकाच चोरात आणि त्या घंटाचोरात दिसतो.

पुण्यात २०१०चा जर्मन बेकरीतील स्फोट आणि २०१२चे जंगली महाराज रस्त्यावरील स्फोट यांनंतर चौकाचौकांत कॅमेरे बसवण्याला वेग आला. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेची ९४ कोटींहून अधिक रक्कम सायबर हल्ल्यात गेली, तेव्हा मुख्य सूत्रधार दूरच राहिले, पण बनावट कार्डे घेऊन एटीएम केंद्रांवर रोकड काढायला गेलेल्यांचे चेहरे तिथल्या चित्रणात उतरले. आता तर चित्रणाची जबाबदारी आरोपींनीच उचललेली दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून निर्दोष सुटलेल्या पुण्याच्या एका टोळीप्रमुखाची द्रुतगती मार्गावरून गाड्यांच्या ताफ्यासह मिरवणूक निघाली, तिच्या चित्रफिती समर्थकांनीच पसरवल्या आणि त्याच्यावर नवे गुन्हे दाखल झाले. कोयता परजत रील टाकणाऱ्या पोरांना शोधायला तर पोलिसांना मोबाइलशिवाय फारसे काही लागत नाही.

तरीही असे रील न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक याचिकेत, मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ती कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे. ते जोडायचे राहून गेले, तर फजिती कोणाची झाली हे बातमीदाराला नव्याने ठरवावे लागते.