वॉज अ पोएट की रेज्ड अ पोएट: कर्म कुठलं, पूरक कुठलं?

दोन वाक्यं फळ्यावर लिहितो.

बहिणाबाई वॉज अ पोएट.
बहिणाबाई रेज्ड अ पोएट.

बदललाय तो फक्त मधला शब्द. दोन्हीकडे आधी नाव, मग क्रियापद, मग 'अ पोएट'. माझ्या शिकवणीतली मुलं जळगाव-यावलकडची. बहिणाबाई चौधरी कोण, हे त्यांना सांगावं लागत नाही. विचारतो, पहिल्या वाक्यातला पोएट कोण? "बहिणाबाईच, सर." आणि दुसऱ्यातला? जरा कुजबुज होते, मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "सोपानदेव!" बहिणाबाईंचा मुलगा, तोही कवी.

म्हणजे मुलांना फरक कळलाय, फक्त नावं ठाऊक नाहीत. पहिलं 'अ पोएट' हे पूरक, दुसरं कर्म. पूरक कर्त्याबद्दलच सांगतं. कर्म म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडली तो, बहुतेक वेळा कर्त्याहून वेगळा.

घोळ होतो तो पाठांतरामुळे. 'सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट' हे सूत्र आपण इतकं घोकतो की क्रियापदाच्या मागे जे येईल त्यावर 'ऑब्जेक्ट' असं लिहून मोकळे होतो. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० पासून राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं. सूत्र मात्र तेच राहिलं. जागा बघून भाग ओळखायचा. पण जागा दोघांची एकच असेल तर ती बघून काय हाती लागणार?

तपासायची सोपी रीत अशी: मध्ये 'म्हणजे' घालून बघा. बहिणाबाई म्हणजे कवी? पहिल्या वाक्यात हो. दुसऱ्या वाक्यात बहिणाबाई म्हणजे तो वाढवलेला कवी? नाही, तो त्यांचा मुलगा. शंका उरलीच तर वाक्य कर्मणी करून बघा. सोपानदेव पब्लिश्ड हर पोएम्स. हर पोएम्स वेअर पब्लिश्ड इन १९५२. कर्म उठून पुढे आलं, वाक्य ठणठणीत. आता 'वॉज अ पोएट'मधला पोएट असा पुढे आणून दाखवा. येणारच नाही.

मुलांची स्वतःची एक युक्ती असते: मराठी करायचं आणि 'ला' शोधायचा. आय मेट अ टीचर, मी शिक्षकाला भेटलो. आय बिकेम अ टीचर, मी शिक्षक झालो. 'ला' आला तर कर्म, नाही तर पूरक. घरी अहिराणी बोलणारी पोरं 'ले' शोधतात, तेही चालतं. मी ही युक्ती मोडत नाही, पण तिच्या भरवशावर पेपरला बसू नका म्हणतो. शेतकरी केळी विकतो, यात 'ला' कुठाय? निर्जीव कर्माला मराठीत तो बहुधा लागतच नाही. उलट, तो खोलीत शिरला, यातला 'त' बघून खोली हे नुसतं स्थळ वाटतं, पण 'ही एंटर्ड द रूम'मध्ये 'द रूम' हे सरळ कर्म आहे. 'ही मॅरीड अ टीचर'चं मराठी 'शिक्षिकेशी लग्न केलं' असं होतं, इंग्रजीत तरीही कर्मच. आपल्या भाषेचे प्रत्यय इंग्रजीवर उमटतीलच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. काही क्रियापदं दोन्ही घरी जेवतात.

माय अंकल ग्रू बनानाज.
माय अंकल ग्रू ओल्ड.

पहिल्यात काकांनी केळी पिकवली. केळी कर्म. दुसऱ्यात काका म्हातारे झाले. त्यांनी म्हातारपण पिकवलं नाही, ते स्वतः तसे झाले. 'ओल्ड' पूरक. एका मुलाने एकदा पहिल्याचं भाषांतर 'काका केळी झाले' असं केलं होतं, वर्ग अर्धा तास आवरला नाही. तसंच 'टर्न'. द ड्रायव्हर टर्न्ड द ट्रक, यात ट्रक कर्म. द लीव्ह्ज टर्न्ड यलो, करपा पडला की होतं तसं, यात 'यलो' पूरक. विशेषण एकटं उभं असेल तर ते कर्म नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पाच-सहा चुका वाचतात.

'टेस्ट' घ्या, कारण इथे चूक नुसती पेपरात राहत नाही, बोलण्यातही येते. आजी टेस्टेड द भरीत. आजीने चव घेतली, भरीत कर्म. द भरीत टेस्ट्स गुड. भरीत चांगलं लागतं, 'गुड' पूरक. खूप जण इथे 'टेस्ट्स वेल' म्हणतात, कारण क्रियापदाजवळ क्रियाविशेषण हवं असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. आता मराठीकडे नीट कान द्या. भरीत चांगलं लागतं, कळण्याची भाकरी चांगली लागते, ठेचा चांगला लागतो. 'चांगलं' दर वेळी कर्त्याचं लिंग धरून बदलतंय. ते 'लागण्या'ला चिकटलेलं नाही, भरताला चिकटलंय. आणि 'ती चांगलं गाते, तो चांगलं गातो' यात ते हलत नाही, कारण ते गाण्याबद्दल आहे. म्हणून शी सिंग्ज वेल, पण भरीत टेस्ट्स गुड. शब्द बदलला की कर्त्याचा, नाही बदलला की क्रियेचा. एरवी मराठीचा आधार घेऊ नका म्हणणारा मी इथे मात्र तिचाच आधार घेतो.

क्रियापदामागे दोन-दोन नामं आली की आणखी मजा. रात्री उशिरा भुसावळला गाडीतून उतरलात, मित्र धावून आला.

ही कॉल्ड मी अ रिक्षा.

'त्याने मला रिक्षा म्हटलं' असं भाषांतर मी स्वतः तपासलंय. खरं तर त्याने माझ्यासाठी रिक्षा बोलावली. रिक्षा मुख्य कर्म, 'मी' दुय्यम कर्म. पण 'ही कॉल्ड मी अ फूल' म्हटलं की तो मला मूर्ख म्हणाला. इथे 'मी' कर्म, आणि 'अ फूल' हे त्या कर्माचं पूरक. 'म्हणजे'ची रीत इथेही लागू पडते, फक्त ती आता कर्त्याला नाही, पहिल्या कर्माला लावायची. मी म्हणजे रिक्षा? नाही. मी म्हणजे मूर्ख? त्याच्या मते हो. दे मेड हिम सरपंच, दे मेड हिम टी, ही जोडी याच जातीची. पहिल्यात तो सरपंच झाला, दुसऱ्यात त्याला चहा मिळाला.

'इट इज आय' की 'इट इज मी', यावर जुने मास्तर वर्ग संपेपर्यंत बोलत. पूरक म्हणून 'आय' शास्त्रशुद्ध, पण दार वाजवून 'इट इज आय' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि एक वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण त्यावर दर वर्षी भांडण होतं. द ट्रेडर वेज द बंच. व्यापारी घड काट्यावर ठेवतो, घड कर्म, सरळ आहे. द बंच वेज ट्वेंटी किलोज. घड वीस किलो भरतो. 'ट्वेंटी किलोज वेअर वेड बाय द बंच' असं होईना, म्हणजे ते कर्म नव्हे. घड म्हणजे वीस किलो? तेही पटेना. व्याकरणकारांचं इथे एकमत नाही. कुणी याला पूरक म्हणतं, कुणी मोजमाप सांगणारं क्रियाविशेषण. मुलं मात्र चिडतात. मागच्या बाकावरचा तोच पोरगा म्हणाला, "सर, घड विकून टाका ना, मग तो नक्की कर्म होईल."