तळणीचं तेल नेताय? मग हे वाचून घ्या

आषाढ लागला की दुकानात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "कापण्यांना कोणतं तेल देताय?" दुसरा साधारण आठवडाभराने येतो आणि जरा वरच्या पट्टीत येतो, "अहो, तुमच्या तेलाला एवढा फेस कसा काय?" गर्दीत, एका हाताने नरसाळं धरून, याची धड उत्तरं देता येत नाहीत. म्हणून हा कागद तुमच्या पिशवीत टाकलाय. घरी गेल्यावर टाकून देऊ नका, किमान कढई गॅसवर चढेपर्यंत तरी.

आधी तेलाचं

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आम्ही स्वतः काढतो. ते खपलं तर आम्हाला आनंदच आहे. तरीही सांगतो, दोन-तीन किलोंचं तळण काढायचं असेल तर ते नेऊ नका. घाण्यात तेल फारसं तापत नाही, त्यामुळे दाण्याचा वास आणि चव त्यात राहते. पण दाण्यातला चिकट अंशही राहतो. तेल तापलं की तोच फेसाळतो आणि तेल लवकर काळपट करतो. हे तेल साधारण १६० अंशांनंतर धुरायला लागतं. भज्यांना, पुऱ्यांना तेल लागतं १७५ ते १९० अंशांचं. रिफाइंड शेंगदाणा तेल मात्र २३० अंशांपर्यंत निभावतं, कारण तो चिकट अंश त्यातून काढून टाकलेला असतो.

म्हणून आमचा सल्ला असा: फोडणी, दाण्याची चटणी, भाकरीवर घ्यायचं तेल, यांना घाण्याचं. आषाढाच्या मोठ्या तळणाला रिफाइंड. आमच्याकडे दोन्ही मिळतात, त्यामुळे यात आमचा काही डाव नाही.

जाता जाता एक हिशोबाची गोष्ट. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त फरक पडतो. भाव विचारताना डबा किलोचा की लिटरचा हेही विचारा, आमच्याकडेसुद्धा.

फेस, आणि एका बरणीची गोष्ट

गेल्या वर्षी एक काकू रागारागाने आल्या. तेल कढईत तडतडून अंगावर उडतंय, तुम्ही पाणी घातलंय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दुकानात असा आरोप म्हणजे देवळात चप्पल घालून येणंच. पण त्या शेजारीच राहतात, म्हणून मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. ओट्यावर स्टीलची सुंदर बरणी होती, सकाळीच घासून पालथी घातलेली. झाकणाच्या कडेला आतून बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. तेल ओतताना ते चार थेंब तळाशी गेले आणि कढईत वाफ होऊन उसळले. काकूंनी चहा केला. मी बरणी उन्हात ठेवायला सांगितली, पण आषाढात ऊन कुठलं? शेवटी मंद गॅसवर तवा ठेवून त्यावर ती उपडी घातली आणि कोरडी केली.

फेसाची कारणं आणखीही असतात. बेसनाचा चुरा तळाशी बसला की फेस येतो. तेच तेल तिसऱ्यांदा तापवलं की येतो. कोणी फेस बसवायला चिंचेचा छोटा गोळा टाकतात. आमच्या आजीही टाकायच्या. फेस बसतो की नाही ते देव जाणे, पण ओली चिंच टाकलीत तर तडतड नक्की होईल.

कढईकडे कान द्या

आपल्याकडे तळणीच्या एका खेपेलाही घाणाच म्हणतात. पहिला घाणा बिघडतो तो बहुधा घाईने. पिठाची करंगळीच्या नखाएवढी गोळी तेलात टाका. तळाशी बसून राहिली तर तेल अजून थंड आहे. पडताच लाल झाली तर तेल फार तापलंय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. बुडून लगेच, न करपता, वर आली की समजा जमलं.

तळताना जे बुडबुडे येतात ते तेलाचे नसतात. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. भजी सोडली की सुरुवातीला तुफान आवाज होतो, मग तो हळूहळू बारीक होत जातो. आवाज बसला, बुडबुडे विरळ झाले, की आतलं पाणी बहुतेक गेलं. जुन्या बायका पाठ करून उभ्या असतानाही "काढ आता" म्हणायच्या ते यामुळे.

आणि तेल पितं कधी? आपल्याला वाटतं कढईत असताना. खरं तर जोवर वाफ बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. जास्तीचं तेल शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. आतली वाफ थंड होऊन आकसते आणि अंगावरचं तेल ओढून घेते. म्हणून झारा कढईच्या काठावर टेकवून दहा-पंधरा सेकंद धरा, एकदा हलकेच झटका आणि मगच चाळणीत टाका. छापील रद्दीवर काढू नका, शाई अंगाला लागते.

एका वेळी फार भजी सोडलीत तर तेल एकदम थंड पडतं, आवाजच येत नाही आणि भजी तेलात उकडल्यासारखी होतात. अर्ध्या कढईएवढ्या तेलात मूठभर पुरे. सोडा जास्त पडला तरी भजी तेल पितात. त्यापेक्षा कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच बेसन आणि चमचाभर तांदळाचं पीठ कालवा आणि वर चमचाभर कडकडीत तेल घाला. खेकडा भजी अशी होतात, पाणी घालून नाही.

कापण्यांचं मात्र उलटं. त्यांत गूळ असतो आणि गूळ वाट बघत नाही. तेल साधारण १५० अंशांवर, आच मंद. कणीक घट्ट, मोहन बेताचं. मोहन फार झालं तर कापण्या तेलात हसतात, म्हणजे विरघळून पसरतात, आणि आपण रडतो. रंग हवा त्याच्या एक छटा आधीच काढा, बाहेर आल्यावर त्या आणखी गडद होतात. गरम असताना मऊ लागल्या तर परत कढईत टाकू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

फुटणारे पदार्थ

आषाढी एकादशीला साबुदाण्याचे वडे होतात आणि त्या दिवशी आमच्याकडे औषध मागायला येणारेही असतात. (आमच्याकडे औषध नाही, तेल आहे.) वडा फुटतो तो आत पाणी अडकल्यामुळे. साबुदाणा भिजवून चाळणीत नीट निथळलेला नसला किंवा बटाटा पाणचट असला, की आतली वाफ कवच फोडून बाहेर येते आणि सोबत तेल घेऊन येते. दाण्याचं कूट भरपूर घाला, ते ओल धरून ठेवतं. वडे चपटे थापा आणि कडा चिरल्या असतील तर बोटाने सांधा. बटाटेवड्यालाही हेच लागू: पिठाच्या आवरणात कुठे छिद्र राहिलं की तिथून तेल आत आणि सारण बाहेर.

आमच्या घरात छतावर एक तेलकट डाग आहे, सहा वर्षांपूर्वीच्या एका वड्याचा. दोनदा रंग काढला, तरी डाग वर येतोच. त्या दिवशी वडा करणारा मीच होतो.

पदार्थ सोडताना वरून टाकू नका. कढईच्या कडेने, आपल्यापासून लांबच्या बाजूला सोडा. झारा धुतला असेल तर फडक्याने कोरडा पुसा. मुलांना ओट्यापासून दूर ठेवा आणि कढईचा दांडा बाहेर डोकावू देऊ नका. कढई अर्ध्याच्या वर भरू नका.

तेल पेटलं तर

हे एवढं मात्र गमतीने घेऊ नका. तेल सतत धुरायला लागलं की गॅस लगेच बंद करा. पेटलंच, तर पाणी कधीही ओतू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, फुगून जवळजवळ १७०० पट जागा घेतं आणि जळतं तेल घरभर उडवतं. गॅस बंद करा आणि कढईच्या तोंडावर मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं झाकण उचलू नका. पेटलेली कढई उचलून बाहेर नेऊ नका, हे धाडस फार महागात पडतं. ज्वाळा वर चढल्या तर घराबाहेर पडून १०१ ला फोन करा.

हात भाजला तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नको. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर सरळ डॉक्टरकडे.

उरलेलं तेल

गार झाल्यावर मलमलीच्या फडक्यातून गाळा, काचेच्या बरणीत अंधारात ठेवा आणि चार-सहा दिवसांत फोडणीला संपवा. नव्या तेलात मिसळू नका, नवंही लवकर बिघडतं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात किंवा लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नका. हॉटेलवाल्यांना १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणीच्या तेलातली बिघडलेली घटकद्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्या घरी नसतं. आपण नाक आणि बोट वापरायचं: उग्र वास, चिकटपणा, पातळ काकवीसारखा रंग, किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर, यातलं काही दिसलं की ते तेल गेलं समजा. मोरीत ओतू नका, पाइपात थिजून बसतं. जुन्या बाटलीत भरून झाकण लावून कचऱ्यात द्या.

रिकामा डबा परत आणलात तर पुढच्या खेपेला त्यातच भरून देऊ. फक्त कोरडा आणा, आणि झाकणाच्या कडेला आतून एकदा बोट फिरवून आणा.